शेतपंपाच्या नियंत्रकाला वेळेची शिस्त हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

खान्देशातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्या प्रकल्प प्रदर्शनांच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येत असतात आणि त्यांत ‘मोबाईलवरून चालणारा शेतपंप’, ‘केळीबागेसाठी स्वयंचलित ठिबक’ असे प्रकल्प हमखास असतात. आपल्या भागातली मुले आपल्याच शेतातला प्रश्न हाती घेतात, ही समाधानाची बाब आहे. मी शेतपंपांच्या नियंत्रण पेट्या तयार करण्याच्या व्यवसायात असल्यामुळे अशा प्रदर्शनांना आवर्जून जातो, मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम वाचतो आणि त्यांच्याशी बोलतो. त्यावरून बनलेले एक ठाम मत मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या छोट्या बोर्डावर शेतकऱ्याची मोटार विसंबून राहणार आहे, त्या बोर्डावर रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ठरलेले काम ठरल्या वेळेत करून घेणारी आरटीओएस प्रणाली, चालवायला विद्यार्थ्यांना शिकवले पाहिजे आणि तो प्रकल्प उत्तीर्ण ठरवताना त्याचा प्रतिसाद किती मिलिसेकंदांत येतो हे मोजले गेले पाहिजे.

यामागचे कारण एका उदाहरणाने सांगतो, कारण हा दोष मला निरनिराळ्या प्रकल्पांत जवळपास सारखाच आढळला आहे. बोर्डावरचा प्रोग्रॅम एकाच न संपणाऱ्या चक्रात लिहिलेला असतो. त्यात प्रथम तिन्ही फेजचा दाब वाचायचा, मग मोटारीचा करंट, मग जमिनीतला ओलावा, मग पडद्यावर आकडे दाखवायचे आणि शेवटी मालकाच्या मोबाईलवर ‘मोटार सुरू झाली’ असा संदेश पाठवायचा, असा क्रम असतो. प्रदर्शनातल्या टेबलावर हे सगळे सुरळीत चालते. परंतु संदेश पाठवताना जीएसएम मोड्यूलला आज्ञा देऊन त्याच्या उत्तराची वाट पाहावी लागते आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे नेटवर्कची एखादीच रेघ दिसते, तिथे ते उत्तर यायला कित्येक सेकंद लागतात. तेवढा वेळ प्रोग्रॅम त्या एका ओळीवर उभा असतो. नेमक्या त्याच वेळी एक फेज गेला, तर चालू असलेली मोटार थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजवर गुरगुरत फिरत राहते, आणि भार तोच असेल तर त्या दोन तारांतला करंट साधारण पावणेदोन पट होतो. वाइंडिंग तापत असते आणि तिचे रक्षण करायला बसवलेला बोर्ड संदेशाच्या पोचपावतीची वाट पाहत असतो.

रावेर-यावल पट्ट्यात पाणी किती खोल गेले आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तिथे जळालेली पाणबुडी मोटार बोअरमधून वर काढायची म्हणजे माणसे, कप्पी, पाइपांची एकेक जोडणी सोडवणे, मग रिवाइंडिंग आणि पुन्हा तेच सगळे उलट्या क्रमाने. तोवर ऐन उन्हाळ्यात केळीला पाणी नाही. त्यामुळे ‘प्रोग्रॅम बहुतेक वेळा बरोबर चालतो’ एवढ्यावर इथे भागत नाही.

आरटीओएसने यात नेमका काय फरक पडतो? ती एकाच मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या संगणक-चिपवर, अनेक स्वतंत्र कामे, म्हणजे टास्क, चालवू देते आणि प्रत्येक टास्कला प्राधान्य ठरवून देता येते. वरच्या प्राधान्याचे काम तयार झाले की खालचे काम जिथे असेल तिथे थांबवून प्रोसेसर वरच्याला दिला जातो. संदेश पाठवणारा टास्क उत्तराची वाट पाहत असला, तरी तो वाट पाहताना प्रोसेसर अडवून ठेवत नाही; मोटारीवर लक्ष ठेवणारा टास्क आपल्या वेळेला उठतो, मोजमाप करतो आणि गरज पडल्यास रिले पाडतो, म्हणजे मोटारीचा विजेवर चालणारा स्विच सोडून तिला बंद करतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. दर मिलिसेकंदाला एक नमुना घेतला तर एका आवर्तनात २० नमुने मिळतात आणि तेवढ्यावरून करंटचे प्रभावी मूल्य काढता येते. काही आवर्तने सलग एक फेज नाही असे दिसले की निर्णय घ्यायला हरकत नसते. हे काम ठरल्या वेळी झालेच पाहिजे, आणि ते वेळेवर होण्याची हमी प्रोसेसरच्या वेगातून आपोआप मिळत नाही. २४० मेगाहर्ट्झचा बोर्डसुद्धा एका ओळीवर अडकून राहिला तर अडकूनच राहतो.

यासाठी मोठा खर्च लागतो, हा समजही दूर व्हायला हवा. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास सुरू केलेली फ्रीआरटीओएस ही प्रणाली आज एमआयटी परवान्याखाली विनामूल्य मिळते. २०१७ पासून तिची देखरेख ॲमेझॉनकडे आहे. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१६ मध्ये आलेली झेफिर हीदेखील मुक्त आहे. फ्रीआरटीओएसचा गाभा साधारण सहा ते बारा किलोबाइट फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, बसतो. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा आर्डुइनो उनो (आर३) मात्र या कामाला अपुरा पडतो, कारण त्याच्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये रॅम अवघी दोन किलोबाइट आहे. तिच्यावर फ्रीआरटीओएस चालते खरी, पण चार टास्कना स्वतंत्र स्टॅक, म्हणजे प्रत्येकाच्या तात्पुरत्या नोंदींसाठी रॅममधली राखीव जागा, दिला की जागा संपत आलेली असते. त्याउलट ‘ब्लू पिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एसटीएम३२ बोर्डावर २० किलोबाइट, रास्पबेरी पाय पिकोवर २६४ किलोबाइट आणि ईएसपी३२ वर ५२० किलोबाइट रॅम आहे आणि हे सगळे बोर्ड विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे आहेत. विशेष म्हणजे ईएसपी३२ वर आर्डुइनोच्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅमसुद्धा आतून फ्रीआरटीओएसच्याच एका टास्कमध्ये चालत असतो. म्हणजे प्रणाली मुलांच्या हातात आधीपासून आहे. तिचा उपयोग कसा करायचा तेवढे कोणी सांगितलेले नाही.

प्राधान्य कसे ठरवायचे, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तिथेच मुलांची गाडी अडते. मालकाला संदेश जाणे ‘महत्त्वाचे’ आहे म्हणून संदेशाच्या टास्कला सर्वांत वरचे प्राधान्य दिलेले मी पाहिले आहे. प्राधान्य महत्त्वावरून ठरवायचे नसते. ज्या कामाची मुदत सर्वांत कमी, त्याला वरची जागा द्यायची असते. १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी हे गणिताने मांडले. ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामांपैकी ज्याचे अंतर सर्वांत कमी, त्याला सर्वांत वरचे प्राधान्य द्यावे. आणि कामे एकमेकांवर अवलंबून नसतील व त्यांचा एकूण भार प्रोसेसरच्या सुमारे ६९ टक्क्यांच्या आत असेल, तर कामांची संख्या कितीही असली तरी प्रत्येक काम आपल्या मुदतीत, म्हणजे त्याची पुढची खेप येण्याआधी, पुरे होईल, असे त्यांनी दाखवून दिले. हे गणित पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही झेपणारे आहे. ते त्याच्याकडून वहीत सोडवून घेतले, तर पुढची कित्येक धडपड वाचेल.

दुसरी अडचण सामायिक वस्तूंची. घड्याळाची चिप आणि पडदा एकाच आय-टू-सी तारांवर, म्हणजे चिपांमधल्या माहितीच्या सामायिक तारांवर, जोडलेले असतात आणि एका वेळी एकाच टास्कने त्या वापराव्यात म्हणून त्यांना म्युटेक्सचे कुलूप लावावे लागते. आता समजा, पडद्यावर आकडे लिहिणाऱ्या खालच्या टास्कने ते कुलूप घेतले, तेवढ्यात वरच्या टास्कला घड्याळ वाचायचे म्हणून तो कुलपापाशी थांबला आणि मधल्या प्राधान्याचा तिसरा टास्क जागा होऊन प्रोसेसर घेऊन बसला. भुसावळच्या अलीकडे एखादी मालगाडी सेक्शनमध्ये उभी असावी, तिच्यामागे मेल खोळंबलेली असावी आणि मालगाडीला पुढे काढण्याऐवजी भलत्याच पॅसेंजरला सिग्नल मिळत राहावा, तसा हा प्रकार होतो. खालच्याला काम संपवायला वेळ मिळत नाही, म्हणून सर्वांत वरचाही अडतो. हे पुस्तकी उदाहरण नाही. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या ‘पाथफाइंडर’ यानाचा संगणक उतरल्यानंतर काही दिवसांतच पुन्हा पुन्हा रीसेट होऊ लागला, त्याचे कारण नेमके हेच होते. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या खालच्या टास्कने कुलूप धरले होते, मधला टास्क त्याला चालू देत नव्हता आणि माहितीच्या बसची व्यवस्था पाहणारा वरचा टास्क वेळेत पुरा होत नव्हता, म्हणून यानावरची सुरक्षा यंत्रणा संगणक नव्याने सुरू करत होती. त्या यानावर व्हीएक्सवर्क्स ही आरटीओएस होती. कुलूप धरणाऱ्या टास्कला तात्पुरते वरचे प्राधान्य देण्याची सोय, म्हणजे ‘प्राधान्याचा वारसा’, तिच्यात होती, पण त्या कुलपासाठी ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती सुरू करण्यात आली आणि रीसेट थांबले. प्राधान्याच्या या वारशाची शास्त्रीय मांडणी शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० मध्येच केलेली होती. आज फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये हा वारसा आपोआप मिळतो; मात्र बायनरी सेमाफोर या दुसऱ्या, कुलपासारख्याच साधनात तो नसतो. दोन्ही दिसायला इतके सारखे आहेत, की एकाच्या जागी दुसरा वापरला तरी टेबलावर काहीच बिघडत नाही. म्हणून हा फरक शिक्षकांनी वर्गात बोर्डावर चालवूनच दाखवायला हवा.

जे तपशील इंटरनेटवरच्या तयार नमुन्यांत सांगितलेले नसतात आणि नेमके तिथेच प्रकल्प फसतात, असे दोन इथे नोंदवतो. मूळ फ्रीआरटीओएसमध्ये टास्कचा स्टॅक ‘वर्ड’मध्ये (एसटीएम३२ वर एक वर्ड चार बाइटांचा) सांगायचा असतो, तर ईएसपी३२ साठी एस्प्रेसिफ कंपनीने दिलेल्या आवृत्तीत तो बाइटमध्ये सांगायचा असतो. एसटीएम३२ च्या नमुन्यातला १२८ हा आकडा तिथे ५१२ बाइट देतो आणि तोच आकडा ईएसपी३२ वर उचलला तर १२८ बाइटच मिळतात; मग बोर्ड का कोसळतो हे मुलांना उमगत नाही. दुसरा तपशील टिकचा, म्हणजे प्रणालीच्या घड्याळाच्या ठोक्याचा. एस्प्रेसिफच्या मूळ चौकटीत, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याच्या तयार संचात, टिक डीफॉल्टने सेकंदाला १०० असतो, म्हणजे एक टिक १० मिलिसेकंदांचा. तिथे ‘पाच मिलिसेकंद थांब’ असे लिहिले की भागाकारात त्याचे शून्य टिक होतात. टास्क थांबतच नाही, खालच्या टास्कना वावच मिळत नाही आणि काही सेकंदांनी वॉचडॉगची, म्हणजे प्रोग्रॅम अडकला का हे पाहणाऱ्या पहारेकरी टायमरची, तक्रार पडद्यावर येते. आर्डुइनोच्या चौकटीत तोच टिक सेकंदाला १००० असल्यामुळे तोच प्रोग्रॅम तिथे नीट चालतो आणि गोंधळ आणखी वाढतो. स्टॅकचा उरलेला नीचांक विचारणारे फंक्शन प्रणालीत आहे. प्रत्येक टास्कचा तो आकडा प्रकल्प अहवालात लिहिण्याची सक्ती केली, तर निम्मे घोटाळे प्रयोगशाळेतच उघडे पडतील.

आरटीओएस सर्वत्र हवीच, असे मात्र माझे म्हणणे नाही. जमिनीतला ओलावा दर दहा मिनिटांनी मोजायचा असेल किंवा केळी पिकवण्याच्या खोलीचे तापमान पाहायचे असेल, तर साधे चक्रही पुरते आणि तेच बरे, कारण त्यात बिघडण्यासारखे कमी असते. ज्या यंत्रात मिलिसेकंदांत उत्तर द्यायचे काम आणि सेकंद न् सेकंद खाणारे काम एकत्र नांदतात, तिथेच ती आवश्यक ठरते. तसेच कोणताही प्रोग्रॅम थर्मल ओव्हरलोड रिलेची, म्हणजे जादा करंटने तापून मोटार तोडणाऱ्या साधनाची, जागा घेऊ शकत नाही. तो रिले पेटीत राहिलाच पाहिजे आणि बोर्ड बंद पडला तरी कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटारीच्या मुख्य स्विचची, कॉइल सुटेल, अशीच जोडणी असली पाहिजे.

आमच्या भागाला लागू पडणारा आणखी एक मुद्दा लाईन येताच मोटार आपोआप लावणाऱ्या ऑटो स्विचचा. थ्री-फेज लाईन आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, रोहित्रावर एकदम भार येतो, दाब पडतो आणि डीपी उडते. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच वापरू नका, कपॅसिटर बसवा, असे आवाहन करत असते. रात्रीच्या पाळीत लाईन येते तेव्हा शेतकऱ्याने बिबट्याची भीती बाळगत केळीत जावे, हेही योग्य नाही, त्यामुळे ऑटो स्विच का लावला जातो हे समजण्यासारखे आहे. ही अडचण छोट्या बोर्डावर सुटू शकते. लाईन आल्यावर प्रत्येक पेटीने आपापला वेगळा वेळ, कोणी अर्धा मिनिट तर कोणी चार मिनिटे, थांबावे आणि तिन्ही फेजचा दाब स्थिर झाल्याची खात्री करूनच मोटार लावावी. हा थांबण्याचा टास्क निवांत झोपलेला असताना फेज पाहणारा टास्क जागाच राहतो, आणि मालकाने मोबाईलवरून ‘आज नको’ असे कळवले तर संदेशाचा टास्क तो निरोप रांगेतून त्याच्यापर्यंत पोचवतो. एकाच चक्रात हे लिहायला बसले की प्रोग्रॅमची जी गुंतागुंत होते, ती मी पाहिली आहे; टास्क आणि रांगा वापरून तेच काम कोणालाही वाचून समजेल इतके सरळ होते.

शेतातली पेटी ही प्रयोगशाळा नव्हे, याचेही भान शिकवताना ठेवावे लागते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात असलेल्या पत्र्याच्या बंद पेटीत त्याहून बरेच जास्त तापते. कॉन्टॅक्टर सुटताना उठणाऱ्या विजेच्या झटक्याने बोर्ड रीसेट होतो आणि तो दोष विनाकारण प्रोग्रॅमच्या माथी मारला जातो. म्हणून बोर्ड सुरू होताच रीसेटचे कारण वाचून फ्लॅशमध्ये नोंदवणे ही पहिली सवय लावावी. वॉचडॉगला दाद देण्याचे, म्हणजे ‘सगळे ठीक आहे’ असे वेळोवेळी कळवण्याचे, काम टायमरच्या इंटरप्टवर, म्हणजे टास्कबाहेर आपोआप चालणाऱ्या छोट्या कोडवर, सोपवू नये, कारण बाकीचे सगळे टास्क मेले तरी इंटरप्ट चालूच राहतो. प्रत्येक टास्कने आपण जिवंत असल्याची खूण ठेवावी आणि सगळ्यांच्या खुणा दिसल्या तरच एका देखरेख टास्कने वॉचडॉगला दाद द्यावी.

या पार्श्वभूमीवर महाविद्यालयांना आणि प्रदर्शनांच्या परीक्षकांना माझी विनंती आहे, की शेतपंपाचा प्रकल्प समोर आला की ‘मोबाईलवरून चालू करून दाखव’ एवढ्यावर थांबू नये. संदेश पाठवणे चालू असतानाच एक फेजचा फ्यूज काढावा आणि रिले किती वेळात पडतो हे ऑसिलोस्कोपवर मोजावे. ऑसिलोस्कोप मोकळा नसेल तर आठ वाहिन्यांचा स्वस्त लॉजिक ॲनालायझरही या कामाला पुरतो. एकदा मोजून चालणार नाही; नेटवर्क नसताना, पडदा काढून ठेवल्यावर, वायफाय तुटल्यावर अशा वेगवेगळ्या स्थितींत मोजावे आणि त्यांतला सर्वांत जास्त आकडा गुणपत्रिकेवर लिहावा. सरासरीला इथे अर्थ नाही. अशी चाचणी होणार हे आधी माहीत असले, तर विद्यार्थी आपोआप योग्य रचनेकडे वळतील. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही. ज्यांच्याकडे बोर्डही नाही, त्यांना वोक्वीसारख्या संकेतस्थळावर ईएसपी३२ आणि फ्रीआरटीओएस ब्राउझरमध्ये चालवून पाहता येते.

आपल्याकडेही एक मागणे आहे. या विषयावरची बहुतेक सगळी कागदपत्रे इंग्रजीत आहेत आणि आदिवासी व ग्रामीण भागातून, म्हणजे नंदुरबार, शिरपूर, चोपडा इथून, येणारी अनेक हुशार मुले केवळ त्या भाषेच्या उंबरठ्यावर अडतात. आपल्या पुरवणीत टास्क, प्राधान्य, रांग, कुलूप आणि वॉचडॉग यांवर मराठीतून एक छोटी लेखमाला चालवता आली, तर तिचा उपयोग वर्गात होईलच, शिवाय बोर्ड दुरुस्त करणाऱ्या गावोगावच्या कारागिरांनाही होईल. त्यासाठी लागणारी चित्रे आणि चालवून पाहिलेले नमुने मी विनामूल्य द्यायला तयार आहे. आमच्या कार्यशाळेत फेज तोडून पाहण्याचा एक चाचणी-बाक आहे. तो कोणत्याही महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह येऊन वापरावा, आपली पेटी सोबत आणावी आणि मोजलेले आकडे घेऊन जावेत.

कळावे.

आपला विश्वासू,
पंप नियंत्रण पेट्या तयार करणारा एक वाचक,
चोपडा, जि. जळगाव